कडेकडेचा उजेड

बाबा शिंपी आणि लेक लेझरवाली. "मी सुई चालवतो, ही उजेड चालवते, धंदा एकच," असं बाबा आल्यागेल्याला ऐकवायचे. पण हल्ली सुईत दोरा ओवणं थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, नजर जाणार, हळूहळू, पण जाणार. तेव्हापासून लेकीच्या मनाने एकच घेतलं होतं: नजर जाण्याआधी बाबांना माझं काम एकदा तरी दिसू दे.

आता हे काम दाखवायचं म्हणजे तरी काय, सांगा! पापणीच्या केसाहून पातळ पत्र्यावर लेझरचा एक झटका बसतो. पत्र्याचा तेवढा ठिपका पेटून प्लाझ्मा होतो, म्हणजे अणूंपासून सुटलेल्या कणांचा धगधगता ढग. ते कण वाट फुटेल तिकडे उधळतात आणि त्या धावपळीतून ठिपक्याभोवती चुंबकत्वाचं कडं उभं राहतं. जन्मलं म्हणेपर्यंत संपलेलंसुद्धा! म्हणून मागोमाग दुसरा, मंद किरण पाठवायचा. तो त्या कड्यातून जाताना पीळ खातो, आणि पडद्यावर चित्र उमटतं.

बाबा मात्र हल्ली तिच्याकडे धड बघतही नव्हते. ती बोलायला लागली की तोंड भिंतीकडे. लेकीला घरासाठी वेळ नाही म्हणून फुरंगटलेत, असं तिने ठरवून टाकलं. रुसले तर रुसू देत, असं म्हणून तिने त्यांना हाताला धरून आणलंच.

यंत्राशेजारच्या खोलीत अंधार होता. बटणांचा हिरवा उजेड सगळ्यांच्या गालांवर तरंगत होता, माणसं झोपेत बोलल्यासारखी हळू बोलत होती. तिने बाबांना स्वतःच्या खुर्चीत बसवलं. भिंतीपलीकडे वीज साठत गेली, गुणगुण चढत गेली, चढत गेली, आणि टक्. संपलं. पडदा कोराच.

तिने कपाळावर हात मारला. तपासणीसाठी तिनेच काल दुसऱ्या किरणाचा आरसा बोटभर सरकवला होता आणि आजच्या घाईत तो जागेवर आणायला विसरली होती. वाट आखूड झाली, किरण आधीच पोचला आणि झटका बसायच्या आत निघूनही गेला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!" बाबा खुदकन हसले. "माझ्यावर गेलाय तुझा किरण. मी नाही का, गाडीच्या आधी तासभर जाऊन बाकावर बसत?"

लेझरच्या काचा निवेपर्यंत थांबणं भाग होतं. दोघं त्या हिरव्या अंधारात बसून राहिली.

"ठमे, झटका गेल्यावरही कडं राहतं?"

"थोडं राहतं."

"मग सुईसारखंच की. सुई पुढे जाते, टाका मागे राहतो." हेही ते भिंतीलाच सांगत होते.

"बाबा, माझ्यावर रागावलात का हो?"

"वेडी का काय तू!" भिंतीकडे बघतच ते म्हणाले.

आरसा जागेवर आला. गुणगुण पुन्हा चढली. टक्. आणि आलं! पडद्याच्या मधोमध काळा डाग, भोवती उजेड, एका अंगाला लख्ख, दुसऱ्या अंगाला सावळा. खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. ती वळली, तर बाबांचं तोंड भिंतीकडे.

"बाबा, इकडे बघा ना! एवढ्यासाठी आणलं होतं तुम्हाला!" तिला रडूच फुटलं.

"बघतोय गं. डाव्या अंगाला जास्त उजेड आहे ना?"

"हो... पण तुम्ही तर..."

"एक सांग. हा मधला काळा डाग तुझ्या चित्रातला, की माझ्या डोळ्यातला?" त्यांनी मान जराशी वळवून पाहिली. "मान वळवूनही जात नाहीये, म्हणजे तुझाच असणार. माझा डाग मान वळवली की बाजूला सरकतो."

तिने पडद्याकडे पाठ केली आणि ती त्यांच्याजवळ आली.

"समोरचं गेलं माझं, पोरी. कधीचंच. तू घाबरशील म्हणून बोललो नाही. जे बघायचं असेल, त्याच्याकडून तोंड फिरवायचं. मग कडेकडेने दिसतं."

ती खुर्चीसमोर गुडघ्यांवर बसली. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि लेकीला डोळे भरून पाहिलं.