कुलपातली झारी

मी झारी बोलतेय. बागेतली नव्हे, मी डोळे धुण्याची झारी. हसू नका. दात घासायला तुम्ही ब्रश ठेवता, कान कोरायला काडी ठेवता, पाठ खाजवायला लाकडी पंजासुद्धा विकत आणता. आणि डोळ्यात काही गेलं की काय वापरता? सदऱ्याचं टोक. तेही घामानं भिजलेलं. तेव्हा माझे चार शब्द ऐकून घ्यायला हरकत नाही.

माझा जन्म लाजेपोटी झाला. लाज माझी नव्हे, मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे सिमेंटच्या कुंड्या, जाळ्या आणि फरश्या करणाऱ्या एका कारखान्यातले साचे बनवणारे. हातात कसब आणि तोंडात मूग, असा माणूस. कारखान्यातल्या नळाजवळ त्यांनीच हौसेनं एक काचेचा पेला सुतळीनं बांधून ठेवला होता. डोळ्यात कचरा गेला की पेला पाण्यानं भरायचा, डोळ्याला लावायचा, पापण्यांची उघडझाप करायची, पाणी झटकायचं आणि पेला परत खुंटीला अडकवायचा. हेतू अगदी चांगला होता.

एके दिवशी मिक्सरवाला लाल डोळे घेऊन कामावर आला. त्याला वाटलं, सिमेंट गेलंय. दिवसभरात त्यानं चार वेळा पेला लावला. सिमेंट कसलं जातंय, त्याचे डोळे आले होते. आठवड्याभरात आणखी अकरा जणांचे आले, त्यात मालकही. सगळा कारखाना काळे चष्मे लावून काम करू लागला. कुंड्या घ्यायला आलेल्या एका बाईंना वाटलं की इथे सिनेमाचं शूटिंग चाललंय, आणि त्या कुंड्या सोडून नायक शोधत बसल्या. तेव्हापासून त्या पेल्याला सगळे ‘मिस्त्रींचा पेला’ म्हणू लागले.

इथवर हसण्यावारी गेलं असतं. पण फरश्या घासणारा पॉलिशवाला मिस्त्रींचा लंगोटीयार. त्यानं कानाला खडा लावला, की यापुढे मरेस्तोवर डोळ्याला काही लावायचं नाही. महिन्याभरात त्याच्या उजव्या डोळ्यात मशीनखालचा सिमेंटचा चिखल उडाला. पठ्ठ्यानं तो सदऱ्याच्या टोकानं पुसला, वर चांगला चोळला आणि संध्याकाळपर्यंत काम करत राहिला. दवाखान्यात पोचला तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. डोळ्यात फूल पडलं. उजव्या डोळ्यानं आता त्याला उजेड तेवढा कळतो.

यावर पॉलिशवाला मिस्त्रींना एक शब्दही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मिस्त्रींनी पेला फोडून टाकला आणि मनाशी ठरवलं, की आता या कारखान्यात दुसरा डोळा जाऊ द्यायचा नाही.

ते उठले ते थेट ताईंकडे गेले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. डोळ्यांच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स. ताईंशी बोलायच्या आधी डॉक्टरसुद्धा हात धुऊन येतात.

“अरे, पेल्यात काय होतं ठाऊक आहे का?” ताई म्हणाल्या. “डोळ्यातली घाण सुटते आणि त्याच पाण्यात पोहत परत डोळ्यात जाते. हे धुणं नव्हे, नुसतं घोळणं झालं.”

“मग धार हवी.”

“धार हवी, आणि एकदा गेलेलं पाणी परत येता कामा नये. एकाच्या डोळ्याला लागलेली वस्तू दुसऱ्याच्या डोळ्याला लागता कामा नये. सिमेंट असेल तर वीस मिनिटं धार चालली पाहिजे, घड्याळ लावून. आणि त्यानंतर दवाखान्यात यायचंच, घरी जाऊन पडायचं नाही.”

“झालं?”

“झालं कसं? डोळ्यात गेलेलं असतं तेव्हा माणूस आंधळाच असतो रे. त्याला डोळे मिटून वापरता आली पाहिजे.”

“ताई, एवढं सगळं एका वस्तूत?”

“नको असेल तर पेला होताच की.”

मिस्त्री मुकाट्यानं कामाला लागले. माझ्या आधी मला सहा बहिणी झाल्या. थोरलीचं पाणी डोळ्याऐवजी नाकात जायचं. दुसरीचं वापरलेलं पाणी कोपरावरून ओघळत थेट काखेत. तिसरी चालवायला तीन हात लागायचे. चौथीनं ताईंच्या स्वयंपाकघराचं छत स्वच्छ धुऊन दिलं, डोळा मात्र कोरडा. पाचवीच्या वेळी ताईंनी मिस्त्रींच्या पापण्यांना खाण्याचा हिरवा रंग लावला. घाण पाणी नेमकं जातं कुठे ते बघायला. रंग हिंडून फिरून स्वच्छ पाण्याच्या टाकीत आला, आणि मिस्त्री दोन दिवस एका डोळ्याभोवती हिरवं कडं घेऊन कामावर गेले. कुणी विचारलं तर सांगायचे, “रंगकाम काढलंय घरी.” सहावी तशी गुणी होती, पण तिची कळ इतकी लहान, की डोळे मिटून चाचपडताना मिस्त्रींनी तिच्याऐवजी फ्रिज उघडला.

सातवी मी. आपल्या तोंडानं आपली स्तुती करू नये म्हणतात, पण माझी दुसरं कोण करणार? बारा लिटरची झाकणबंद टाकी. तिच्यात रोज उकळून गार केलेलं पाणी. दोन नळ्या, एकीनं स्वच्छ पाणी येतं, दुसरीनं वापरलेलं जातं, आणि मध्ये एकाच बाजूला उघडणारा रबराचा पडदा. डोळ्याला टेकणारी मऊ वाटी दर माणसाला नवी. आणि बांगडीएवढी लाल कडी, ती ओढली की वाटीवरचं झाकण गळून पडतं आणि धार सुरू होते. घाण पाण्याची नळी माझ्या मागे लोंबते. तिला कामगार शेपटी म्हणतात. मला ते मुळीच आवडत नाही.

ताईंनी पुन्हा हिरवा रंग काढला, पुन्हा मिस्त्रींच्या पापण्यांना फासला. सगळा रंग शेपटीतून गेला. ताईंनी चष्मा लावून माझ्या टाकीत डोकावून पाहिलं. आत थेंबभरही हिरवं नव्हतं. “ठीक आहे,” त्या म्हणाल्या. ताईंनी डॉक्टरांनाही एवढं कधी म्हटलेलं नाही.

कारखान्यात माझं स्वागत थाटात झालं. मालकांनी मला नळाजवळच्या खांबावर टांगलं, टाळ्या वाजल्या आणि माझी जबाबदारी भाऊसाहेबांकडे आली. भाऊसाहेब म्हणजे कोठीचे कारकून. दाराची कडीसुद्धा रुमालानं धरणारे. पेल्याच्या भानगडीत त्यांचेही डोळे आले होते, आठ दिवस त्यांनी अंधाऱ्या खोलीत काढले होते, तेव्हापासून त्यांनी अस्वच्छतेचा असा धसका घेतला होता की विचारू नका.

पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यावर प्लास्टिकचं आवरण चढवलं, कारखान्यात धूळ फार म्हणून. तिसऱ्या दिवशी ते काढून काचेचं कपाट आलं. आठवड्यानं कपाटाला कुलूप लागलं. मग एक नोंदवही आली, तिच्यात रकाने: नाव, काम, डोळा उजवा की डावा, डोळ्यात काय गेलं, कोणाच्या चुकीनं गेलं. आणि शेवटी काचेवर सुवाच्य अक्षरात सूचना लागली: ‘झारी वापरण्यापूर्वी हात, तोंड व डोळे स्वच्छ धुऊन यावे.’

झारीतले शुक्राचार्य तुम्ही ऐकले असतील. माझे कपाटाबाहेर उभे होते, किल्ल्यांचा जुडगा घेऊन.

पण खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. पाहुणे यायचे, मालक मला दाखवायचे, भाऊसाहेब रोज सकाळी काच पुसायचे. मी लखलखत होते. चार महिने एकही डोळा माझ्या वाटेला गेला नाही, आणि मला वाटत होतं की यालाच स्वच्छता म्हणतात.

मिस्त्री एकदा धीर करून बोलले, “भाऊसाहेब, कुलूप कशाला? वेळेला उघडायचं कुणी?”

“अहो, उघडी ठेवली की हिचा पेला होईल,” भाऊसाहेब म्हणाले. “आणि पुन्हा नाव कुणाचं निघेल? तुमचंच ना? तुमच्याच भल्यासाठी सांगतोय.”

पेल्याचं नाव काढल्याबरोबर मिस्त्रींची मान खाली गेली. ते गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग आहे, कारण कुलूप भाऊसाहेबांनी लावलं असलं तरी ते मिस्त्रींनी लावू दिलं होतं.

पॉलिशवाला एका दुपारी माझ्यासमोर थांबला. काचेला डावा डोळा लावून त्यानं मला वरपासून शेपटीपर्यंत पाहिलं.

“छान आहे रे मिस्त्री,” तो म्हणाला. “दागिन्यासारखी. आमच्यासाठी काय केलंस?”

मिस्त्री छिन्नी उचलून साच्यांकडे निघून गेले. मी काचेमागे लखलखत राहिले.

त्यानंतर चारच दिवसांनी, जेवणाची सुट्टी व्हायच्या जरा आधी, पॉलिशच्या मशीनची पाण्याची नळी निसटली. वाफ धरली म्हणून पॉलिशवाल्यानं कामावरचा संरक्षक चष्मा कपाळावर चढवला होता. पायाखालचा सगळा चिखल फटकन उसळून त्याच्या तोंडावर आला. त्याचा हात सवयीनं सदऱ्याच्या टोकाकडे गेला आणि तिथेच थांबला.

“मिस्त्री,” त्यानं हाक मारली. “माझा डावा.”

अख्ख्या कारखान्याची मशीनं बंद झाली. मिस्त्रींनी त्याला खांद्याला धरून माझ्यापाशी आणलं. शेजारचा नळ दुपारी नेहमीसारखाच कोरडा होता. भाऊसाहेब धावत आले, आणि त्यांना दोष द्यावा असं काही नव्हतं, बिचारे खरोखर जिवाच्या आकांतानं धावले. पण जुडग्यात दोन डझन किल्ल्या. पहिली लागेना. दुसरी लागेना. तिसरी खाली पडली. आणि माणूस घाबरला की सवयीचाच आधार घेतो, तसं त्यांनी काखेतली नोंदवही काढली.

“कोणता डोळा लिहू?”

“एकच आहे, भाऊसाहेब,” पॉलिशवाला डोळा घट्ट मिटून म्हणाला. “तोच लिहा.”

कुणीतरी घण उचलला. काच फुटली असती तर तिची बारीक कणी माझ्या वाटीच्या कडेला चिकटली असती, आणि मग मी कुणाच्या डोळ्याला लावायच्या लायकीची राहिले नसते. मिस्त्रींनी त्याचा हात धरला. आयुष्यभर त्या माणसानं साचे उघडले होते. साच्याला कुलूप नसतं, त्याच्या खिळी काढायच्या असतात. त्यांनी कमरेची छिन्नी काढली, कपाटाच्या बिजागऱ्यांखाली लावली आणि दोन ठोक्यांत दोन्ही खिळी उडवल्या. दार उलट्या बाजूनं उघडलं आणि कुलपाला धरून लोंबत राहिलं. भाऊसाहेब अजून चौथी किल्ली लावून बघत होते.

“पुढे हात कर. लाल कडी,” मिस्त्री म्हणाले.

पॉलिशवाल्याचा हात वर आला, आणि अडला. कानाला एकदा लावलेला खडा असा सहज निघत नाही.

“मिस्त्री, हे पाणी परत येणार नाही ना रे?”

“नाही येत. हिरवा रंग घालून बघितलंय.”

“कुणाच्या डोळ्यावर?”

“माझ्या.”

पॉलिशवाल्यानं कडी ओढली.

पहिल्यांदाच माझ्यातून कुणाच्या तरी गरजेचं पाणी वाहिलं. लालभडक डोळा, पापण्यांत अडकलेली वाळू, आणि तो उघडा ठेवायची त्या माणसाची धडपड, हे मी अगदी जवळून पाहिलं. मला भीती वाटली. मालक घड्याळ धरून उभे राहिले. भाऊसाहेबांनी पॉलिशवाल्याचं चिखलानं भरलेलं डोकं दोन्ही हातांनी धरलं, रुमालाशिवाय. गडबडीत माझी शेपटी कुणी मोरीत सोडलीच नव्हती. वीस मिनिटं सगळं घाण पाणी भाऊसाहेबांच्या पांढऱ्या बुटांवर पडत होतं. ते तसूभरही हलले नाहीत.

मग त्याला दवाखान्यात नेलं. तिथलं मला कळायला चार दिवस लागले. ताईंनी स्वतः पापणी उलटून कण न् कण काढला होता, डॉक्टरांनी औषध घातलं होतं. पाचव्या दिवशी पॉलिशवाला कारखान्यात आला. सरळ मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला आणि डाव्या डोळ्यानं त्यांच्याकडे बघत राहिला.

“कानाशी केस पांढरे झालेत तुझे,” तो म्हणाला.

मिस्त्रींच्या डोळ्यांना धार लागली. त्यासाठी माझी गरज पडली नाही.

आता मी पुन्हा उघड्या खांबावर असते. दार नाही, कुलूप नाही, सूचना नाही. अंगावर धूळ असते, ओरखडे पडलेत, लाल कडीवर सिमेंटच्या बोटांचे ठसे आहेत. भाऊसाहेब रोज सकाळी टाकीतलं पाणी बदलतात आणि वाट्यांची पाकिटं मोजून ठेवतात. नोंदवही त्यांनी सोडलेली नाही, पण ती आता माणूस धुऊन गेल्यावर भरतात.

आणि एक नवं खूळ निघालंय. पॉलिशवाल्यानंच काढलं. रोज काम सुरू व्हायच्या आधी तो मशीनजवळ उभा राहतो, डोळे मिटतो आणि चालत माझ्यापर्यंत येतो. कडीला नुसता हात लावतो आणि परत जातो. आधी लोक हसले. मग मिक्सरवाला चालू लागला, मग सगळेच. सकाळी आठ वाजता अख्खा कारखाना डोळे मिटून चालत असतो. परवा भाऊसाहेब मालकांना धडकले आणि त्यांच्या पोटावर हात फिरवून म्हणाले, “कडी कुठे गेली?” मिस्त्री पोट धरून हसले. त्या माणसाला हसता येतं, हे मला तेव्हा कळलं.

म्हणून तुम्हालाही एक विनवणी. तुमच्या कामावर माझी एखादी बहीण टांगलेली असेल. तिची स्वच्छता जरूर राखा, पण तिला मखरात बसवू नका. उद्या सकाळी एकदा डोळे मिटून तिच्यापर्यंत चालत जाऊन बघा. आणि मध्ये कुलूप हाताला लागलं, तर निदान बिजागऱ्या कोणत्या बाजूला आहेत, तेवढं चाचपून ठेवा.