वेन्डेलची तिसरी सुटका

जुलैच्या टळटळीत उन्हात लाल खडकांची घळ उतरताना व्हर्नाच्या तोंडाला फेस आला. गावच्या बचाव पथकात तिला वीस वर्षं झाली होती, पण एकाच माणसाला वर्षात तिसऱ्यांदा शोधायची पाळी पहिलीच. आणि तो माणूस म्हणजे तिचा सख्खा भाऊ! जानेवारीत वेन्डेल स्की करताना बर्फात अडकला, एप्रिलमध्ये त्याने नदीत होडी उलटवली. आता तो एका कपारीत मुरगळलेला पाय धरून बसला होता.

"नकाशा कुठाय?"

"गाडीत."

"आणि पाणी?"

"संपलं सकाळीच. चिडू नकोस गं, वरून काय दिसतं म्हणून सांगू!"

"अरे, सत्तरी आली! तुझ्यापायी सहा माणसं कामधंदा सोडून भाजून निघताहेत."

तिने बाटली पुढे केली. मग त्याचं डोकं, हात, पाय पुन्हापुन्हा चाचपून पाहिले.

"घाबरली होतीस?"

"नाही, नाचत होते!"

वेन्डेल खाली मान घालून पाणी प्यायला. स्ट्रेचरवर चढवल्यावर तो हळूच म्हणाला, "ऑक्टोबरात शिखरावर जायचं होतं."

"जाऊ," व्हर्ना करवादली. "पण मी पुढे, तू मागे."