शालिकराम मास्तरची वरण-भात पद्धत

शालिकराम मास्तर खुशीत आले की त्यांची सायकल पायडल न मारता पळते, असं रामपायलीच्या बाजाराला जाणारे लोक शपथेवर सांगत. दोन हजार सहा सालच्या जुलैत तर ती सायकल रस्त्याला टेकतच नव्हती. कारण शाळेला कंप्युटर मिळाला होता. छतावर तारांची मोठी छत्री बसली होती आणि दर शनिवारी त्या छत्रीतून भोपाळची मॅडम थेट नववीच्या वर्गात उतरत होती. मॅडमनं पडद्यावरून शिकवायचं, प्रश्न विचारायचे, आणि पोरांनी शाळेच्या फोनवरून उत्तर द्यायचं. ते उत्तर मग जोडलेल्या साऱ्या शाळांत ऐकू जायचं.

पडदा लावून द्यायचा आणि आपण बाहेर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसायचं, हे मास्तरला जमणारं नव्हतं. त्यांनी स्वतःची पद्धत काढली होती.

"पोट्टेहो," ते सांगत, "नुसता भात घशात अडकते, नुसतं वरण हातातून गळते. भोपाळवाली मॅडम म्हंजे वरण, मी म्हंजे भात. दोन्ही कालवल्याशिवाय पोट भरत नाही."

म्हणून पडद्यावर त्रिकोण आला की मास्तर पोरांना शाळेचं छप्पर मोजायला लावत. पडद्यावर वर्तुळ आलं की सगळी नववी विहिरीभोवती. फक्त एका ठिकाणी त्यांचं कालवण बिघडलं होतं, ते म्हणजे मायनस. आलेखाच्या दोन रेघा पोरांना कळल्या, बिंदू कळले, पण रेघेच्या खाली जायची वेळ आली की सगळे बैलासारखे अडून उभे.

"मास्तर, शून्याच्या मांगं जागाच कुठं राह्यते?" मोहित विचारायचा, आणि वर्ग माना डोलवायचा.

अशात बालाघाटहून मधुकरराव साहेबांचा निरोप आला. मधुकरराव म्हणजे शिक्षण खात्यातले, तीन पिढ्या सरकारी नोकरीतल्या घरचे, बुटांना रोज पॉलिश. निरोप साधा होता. येत्या शनिवारी ते येणार. थेट धड्याला नववीचा वर्ग भरलेला दिसला तर ठीक, नाहीतर कंप्युटर आणि छत्री दोन्ही शहरातल्या शाळेत जाणार.

मास्तर तडक विमलाबाईच्या अंगणात गेले, कारण शाळेच्या भिंतीला लागून असलेली धानाची बांधी तिची, आणि शनिवारी रोपं लावायची, म्हणजे रोवणीची, पाळी नेमकी तिचीच होती. गावाची रीतच तशी. आज एकाच्या बांधीत सारं गाव, उद्या दुसऱ्याच्या. त्यातून नववीची पोरं सुटत नसत, आणि कोणी सुटायचा विचारही करत नसे.

"विमलाबाई, एक दिवस पुढं ढकल ना वो."

"काहून ढकलू? रोपाचे पऱ्हे वाढून राह्यले, मास्तर. ते का तुमच्या भोपाळवालीची वाट पाह्यतीन?"

"कंप्युटर जाईन ना गावातून!"

"अन् माही रोवणी राह्यली तं धान जाईन. तुमचा कंप्युटर शिजवून खाऊ का मी?"

मास्तर बांधीकडे पाहत राहिले, मग शाळेच्या खिडकीकडे, मग पुन्हा बांधीकडे. आणि एकदम असे उडाले की विमलाबाईच्या कोंबड्या शेजारच्या गावात जाऊन थांबल्या.

"विमलाबाई! रोवणी शनिवारीच कर. शाळा बी तिथंच भरते!"

शनिवारी सकाळी मास्तरनी दुलीचंदच्या मांडव-बिछायतीच्या दुकानातून लग्नाचा भोंगा, माईक आणि जनरेटर आणला. कंप्युटर खिडकीत, तोंड बांधीकडे. फोन लांब वायरीनं बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर. बांधीच्या मधोमध एक बांबू ठोकला, त्यातून एक दोरी आडवी, एक दोरी उभी, आणि दोन्हींना पावलापावलावर गाठी.

"हा बांबू म्हंजे शून्य," मास्तर माईकवर गरजले. भोंगा असा की दूरच्या लामता गावच्या म्हशींनीही कान टवकारले असतील. "तोंड शाळेकडं ठेवा. उजवीकडं प्लस, डावीकडं मायनस. समोर प्लस, मांगं मायनस. लागा!"

शाळेकडच्या धुऱ्यापासून रोवणी सुरू झाली. वाकायचं, रोवायचं, एक पाऊल मागं सरायचं. रोवणारा नेहमी उलटा चालतो, लावलेल्या रोपांवर पाय कोण देईल? बाया गाणं म्हणत होत्या, भोंग्यातून भोपाळची मॅडम हिंदीत बिंदू सांगत होती, आणि पोरं गाठी मोजत मागं येत होती. समोर तीन, समोर दोन, समोर एक. आडवी दोरी पायाला लागली.

"आता कुठं आले?" मास्तरनी विचारलं.

"शून्यावर!"

"अजून एक पाऊल मांगं या. आता?"

सगळे थबकले. खुशी नावाची चुणचुणीत पोरगी हातात पऱ्ह्याची पेंडी धरून दोरीकडे पाहत राहिली. दोरी आता तिच्या समोर होती. मग ती इतक्या जोरानं ओरडली की भोंगा लाजला. "मास्तर! मी मायनसमधी आली! मायनस एक!"

"अरे हौ!" मोहित चिखलात नाचला. "मांगं तं लय जागा आहे! सारी बांधीच पडली आहे!"

मास्तरनी आनंदानं टोपी उडवली. ती अजून खाली आलेली नाही.

आणि नेमकी तेव्हाच जीप आली. तिच्यात कंप्युटर बांधून न्यायला जाड दोर आणि गोणपाटं. मधुकररावांनी वर्गात डोकावलं. बाकं रिकामी. ते तणतणत मागच्या धुऱ्यावर आले.

"शालिकराम! वर्ग कुठे आहे?"

"हा काय साहेब, तुमच्या समोर! पण खाली नका उतरू, तिकडं चिखल..."

साहेब उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. उजवा पाय काढायला गेले तर डावा आणखी खाली. शेवटी खांबासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "हे सगळं मी वर कळवणार आहे!"

एवढ्यात भोंगा बोलला. "बच्चों, अब कठिन सवाल। एक्स बराबर दो, वाय बराबर माइनस तीन। यह बिंदु कहाँ है? कौन सा स्कूल बताएगा?"

एकाही शाळेतून आवाज नाही. मास्तरच्या काळजाचा जनरेटर झाला. खुशीनं मान वळवून मागं पाहिलं. उजवीकडं दोन गाठी, मागं तीन. ती धुऱ्यावर झेपावली आणि फोन उचलला.

"मॅडम, वहाँ तो हमारे साहब खड़े हैं!"

"कौन साहब?"

"बालाघाट वाले मधुकरराव साहब! घुटने तक फँसे हैं, पर बिलकुल सही जगह पर!"

पलीकडून असं हसू आलं की पडदा थरथरला. "शाबाश! अब अपने साहब को माइनस दो, माइनस तीन पर ले जाओ!"

"डावीकडं चार गाठी!" सगळी नववी एकदम ओरडली. जीपमधला दोर आला, साहेबांच्या कमरेला पडला, आणि पोरं, बाया, जीपचा ड्रायव्हर, सगळ्यांनी ओढलं. साहेब फसकन निघाले आणि घसरत थेट जागेवर जाऊन बसले.

विमलाबाईनं कमरेवर हात ठेवले. "साहेब, आता आलेच आहा तं हे पेंडी घ्या. बसल्या जागी रोवा."

मधुकररावांनी पेंडीकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मिशीवरचा चिखल पुसला. "शालिकराम, मी आता नक्की कुठे आहे?"

"मायनस दोन, मायनस तीन, साहेब!"

"हं. शाळेत मला हे कधी कळलं नव्हतं हो." आणि ते चक्क हसले. "पण आमचा एक बूट त्या आधीच्या बिंदूवर राहिला. आणि वर्ग... वर्ग भरलेला आहे. पुढचा प्रश्न येऊ द्या!"

दिवस मावळायच्या आत विमलाबाईची रोवणी झाली. गोणपाटं जीपमधून रिकामीच परतली. त्यांच्यासोबत साहेबही, एका बुटात.

कंप्युटर शाळेतच राहिला. दिवाळीनंतर धान कापलं, तेव्हा दोन आणि मायनस तीनवर बूट सापडला. त्यातून धानाचं एक झाड उगवलं होतं, दोन माणसं उंच. विमलाबाईनं ते कापलं नाही, कारण मास्तर म्हणाले, आडवी-उभी झाली, ही उंची आता वर जाणाऱ्या तिसऱ्या रेघेवर मोजायची, अन् तो धडा पुढच्या शनिवारी आहे.