मागच्या रांगेची हळद

गुरुवारी सकाळी उस्मानपुऱ्यातल्या तिसऱ्या मजल्यावर कडूबाई खलबत्ता पुढ्यात ओढून हळकुंडं कुटत बसली होती. औरंगपुऱ्यात दळलेली हळद पुड्यांनी मिळते, हे सूनबाईनं तिला शंभरदा सांगून झालं होतं. पण चर्चच्या मंडळीतल्या नवरीला पुडीतली हळद लावायची म्हणजे पाहुण्याला कालचं ताट वाढायचं, असं कडूबाईचं मत. आणि तिचं मत हलवण्यापेक्षा देवगिरीचा डोंगर सरकवणं सोपं. त्यात परवा शनिवारी हळद होती ती सख्ख्या नातीची, विशाखाची.

चार लेकरं गेल्यावर ही पाचवी तरी जगावी, मरणाला तिची चव आवडू नये, म्हणून आईबापांनी नाव ठेवलं कडू. सोळाव्या वर्षी बाप्तिस्मा झाला तेव्हा पाद्रीसाहेबांनी छानसं नवं नाव देऊ केलं. पोर म्हणाली, "साहेब, देव मला याच नावानं वळखतो. उगं शोधत बसंल." त्याच दिवशी, केस ओले असतानाच, तिनं देवाला शब्द दिला: कुण्या बी बाईनं प्रार्थनेला बोलावलं तर मी नाय म्हणायची नाय.

हा शब्द मोडावा म्हणून जगानं काय कमी खटपट केली? कुमारी होती तेव्हा लोक म्हणाले, बिनलग्नाच्या पोरीला बाळंतिणीचं काय कळतं? सोमनाथमास्तरांशी लग्न झालं तर सासू म्हणाली, आता घर बघ. लेकरू झालं, तर लेकरू बघ. कडूबाईनं लेकरू काखेला मारलं आणि गेली. एकदा वैजापूरकडच्या वस्तीवर एका अडलेल्या बाईच्या उशाशी ती प्रार्थना करत होती; प्रार्थना संपायच्या आत पोर बाहेर आलं, आणि 'आमेन' त्या पोरानंच म्हटलं, असं मंडळीत आजही शपथेवर सांगतात. तिच्या आवाजानं शेजारच्या इमारतीतले कुकर शिट्टी द्यायचे थांबत. त्यातला एक तर महिनाभर मुकाच राहिला. मंडळीत लग्न निघालं की हळद कुटायची कडूबाईनं, नवरीच्या कपाळाला पहिलं बोट लावायचं तिनंच, आणि डोक्यावर हात ठेवून प्रार्थनाही तिचीच. चाळीस वर्षं असं चाललं.

आठ महिन्यांपूर्वी सोमनाथमास्तर देवाघरी गेले.

शैला, तिची सून, स्वयंपाकघराच्या दारात दोनदा येऊन परत गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा कडूबाईनं बत्ता थांबवला.

"बोल की. मांजरावानी काय घिरट्या घालतीस?"

"आई, विहीणबाईंचा फोन आला होता. त्यांच्याकडं पाच सवाष्णीच हळद लावतात. म्हणाल्या, आजी प्रार्थना करू देत, पण जागेवरूनच. माईक देऊ म्हणे त्यांना."

"अन् हात?"

शैलानं बाहेर उडालेला हळकुंडाचा तुकडा उचलून खलबत्त्यात टाकला.

"त्या बी ख्रिस्तीच हायेत ना गं? मग हे कंच्या अध्यायात वाचलं त्यांनी?"

"मी मानत नाही हो आई. पण पोरगी त्यांच्या घरात द्यायची आहे. उद्या काही कमी-जास्त झालं, तर म्हणतील, विधवेचा हात लागला होता."

शंभर वर्षांपूर्वी या मंडळींच्या पणजोबांनी जुना धर्म सोडला, देव सोडले, पण हा विटाळ तेवढा ट्रंकेत घडी घालून सोबत आणला. बायबलाच्या शेजारीच ठेवला. कुणी बाहेर काढून दाखवत नाही. लागला की बरोबर सापडतो.

कडूबाईच्या जिभेवर तिखट उत्तर आलं होतं. ते तिथंच अडकलं. कारण समोर शैला दिसेना. दिसली बानाबाई, बावीस वर्षांपूर्वीची.

बानाबाईचा नवरा देवळाचा, म्हणजे चर्चचा, चौकीदार होता. तो वारला आणि सहा महिन्यांत तिच्या दिपालीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी बानाबाई स्वतः वाटी घेऊन लेकीपुढं वाकली. तेव्हा हातभर हिरव्या बांगड्या किणकिणवत कडूबाईच पुढं झाली, अगदी मायेनं वाटी काढून घेतली, आणि म्हणाली, "बाना, तू मागं बस. दमली असशील." बानाबाई मागं गेली आणि पुऱ्या लाटत बसली. मग कडूबाईनं अशी प्रार्थना केली, की अख्खा मांडव रडला. घरी येऊन तिनं देवाचे आभारही मानले होते, छान पार पडलं म्हणून.

बावीस वर्षांत तिला ते एकदाही टोचलं नव्हतं. हेच आता टोचत होतं.

शुक्रवारी कुणाला न सांगता तिनं एसटी पकडली आणि लासूर स्टेशन हे गाव गाठलं. बानाबाई लेकाच्या घरामागं शेळ्यांना पाला टाकत होती.

"सलाम, बाना."

"सलाम मास्तरीणबाई. आज कुण्या गावची वाट चुकली म्हणावी?"

कडूबाईनं सगळं सांगितलं. वाटीचं, बांगड्यांचं, 'दमली असशील'चं. बानाबाई ऐकत होती, शेळीच्या तोंडापुढं फांदी धरून.

"माफी मागाया आलीस व्हय?"

"व्हय."

"मास्तर जिते असते, तर आली असतीस?"

दुसरी कुणी असती तर डोळ्याला पदर लावून काहीबाही बोलली असती. "नसते आले," ती म्हणाली.

"एवढं तरी खरं बोललीस." बानाबाईनं फांदी सोडून दिली. "म्या काय पुऱ्या लाटल्या गं त्या दिवशी! एक फुगली नाय."

"उद्या चल हळदीला. समद्यांपुढं तुझ्या हातात वाटी देते."

"मला नगं. तुझं मन हलकं व्हावं म्हणून म्या कशाला नटून येऊ? माझ्या दिपालीच्या कपाळाला आईचं बोट लागलं नाय. ती येळ परत आणतीस का? नाय ना? मग तुला काय करायचं ते तुझ्या गावात कर. चहा घे, अन् पाचची गाडी हाय, ती पकड."

चहा गोड होता. कडूबाईनं पाचची गाडी पकडली.

शनिवारी संध्याकाळी इमारतीच्या गच्चीवर मांडव पडला. पुढं पाटावर विशाखा, तिच्या भोवती पाच सवाष्णी, मधोमध नवऱ्या मुलाची आई, म्हणजे विहीणबाई, हळदीचं ताट घेऊन. पाण्याच्या टाकीजवळच्या शेवटच्या रांगेत कडूबाई बसली होती. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि तिच्या ध्यानात आलं, ही रांग कुणी लावलेली नव्हती. आपोआप लागली होती. तिच्यासकट सात जणी. सगळ्यांचे गळे मोकळे. टोकाला विहीणबाईंची ऐंशीची आई, काठी गुडघ्यांत धरून. चाळीस वर्षं पुढं उभ्या राहिलेल्या कडूबाईनं ही रांग कधी पाहिलीच नव्हती.

तरुण पाळकसाहेब म्हणाले, "आपल्या कडूबाई आता प्रार्थना करतील, जागेवरूनच." माईक डोक्यांवरून हातोहात मागं आला.

कडूबाई उभी राहिली. माना वाकल्या, डोळे मिटले.

"बावन्न वर्षांत म्या प्रार्थनेला नाय म्हणले नाय," ती म्हणाली. "आज म्हणते. ही प्रार्थना मी करायची नाय."

मिटलेले डोळे उघडले.

"आजी, हे शोभतं का?" विहीणबाई म्हणाल्या. "पोरीच्या मंगल कार्यात?"

"मी बी त्येच इचारते. माझं तोंड चालतं अन् माझा हात चालत नाय, हे कंच्या देवाला शोभतं? पण तुम्हाला एकट्यांना कसं बोलू, बाई? तुमच्या आधी हे म्या केलंय. याच हातानं म्या एका आईच्या हातातली वाटी काढून घेतली, तिच्या सख्ख्या लेकीपुढून. अन् वर प्रार्थना केली. लई गोड केली. ती देवानं ऐकली असंल, असं मला आता वाटत नाय."

गच्चीवर कुणाचा फोन वाजला, तो लगेच बंद झाला. नवऱ्याकडच्या दोघी कुजबुजल्या. शैला तोंडावर हात ठेवून उभी होती.

पाटावरून विशाखा म्हणाली, "आजी, तू ये इकडं. कोण काय म्हणतंय ते मी बघते."

विहीणबाईंनी पोरीकडं पाहिलं, मग मांडवाकडं. चेहऱ्यावर लाली चढली. "बरं," त्या म्हणाल्या. "मुलीची एवढी इच्छा आहे, तर आजी म्हणून एकट्या त्यांनी लावावी. बाकी रीत रीतीनं होऊ द्या."

नात दहा पावलांवर होती. कडूबाईचा पाय उचललासुद्धा गेला. जन्मल्या दिवशी ज्या कपाळावर तिनं पहिल्यांदा हात ठेवला होता, ते कपाळ वर करून पोरगी बघत होती. सगळं तिथंच गोड झालं असतं.

तिनं पाय मागं घेतला.

"एकटी येणार नाय, बाळा. या रांगंतल्या समद्या येतील, तर मी येते."

आता सारा मांडव मागं वळला. आणि रांगेतली एकही उठली नाही. एकीनं पदर आणखी पुढं ओढला. दुसरी हळूच म्हणाली, "आमचं काय अडलंय गं कडूबाई, तू जा." इतकी वर्षं त्यांना बसवावं लागलं नव्हतं, त्या आपसूक बसत आल्या होत्या. कडूबाईला पहिल्यांदा भीती वाटली. नातीची हळद नासली, सुनेची मान खाली गेली, आणि ज्यांच्यासाठी हे केलं त्यांनाच ते नको होतं.

मग टोकाला काठी आपटली. विहीणबाईंची आई उठायला बघत होती. गुडघे ऐकेनात.

"आई, तू बस!" विहीणबाई ओरडल्या.

"बसून बसून कंबर मोडली माझी," म्हातारी म्हणाली. "तुझ्या हळदीला बी म्या बसलेच व्हते. तुझा बाप गेला तवा तू सहा वर्षांची. धराया यायचं नसंल तर नगं येऊ. मी पडते इथंच."

ती अर्धी उठली आणि खरंच कलंडली. विहीणबाई ताट तिथंच टाकून धावल्या आणि हळदीनं माखलेल्या दोन्ही हातांनी त्यांनी आईला धरलं. त्यात सुधारणा वगैरे काही नव्हतं. आई पडू नये म्हणून लेकीनं दिलेला हात होता तो. पण म्हातारीच्या मोकळ्या मनगटावर पिवळी पाचही बोटं उमटली. ती मनगटाकडं बघत राहिली. विहीणबाईही बघत राहिल्या. त्यांनी हात काढून घेतला नाही.

विशाखा पाटावर वाट बघत होती. कडूबाई तिच्याकडं गेली नाही. ती उरलेल्या पाच जणींकडं वळली आणि पहिलीच्या पुढं, गुडघ्यांना न जुमानता, खाली बसली.

"ऊठ गं बाई," ती म्हणाली. "तुला मागं बसवणाऱ्यांत मी पण हाय."