धूळमापकाचे झबले

मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, मी कुत्र्याचे घर नाही. पत्र्याचा चौकोनी देह, त्यावर उतरते छप्पर आणि चार पाय पाहून पुष्कळांचा तसा समज होतो. एका दवाखान्याच्या गच्चीवर मी उभा आहे, आणि एक मांजर तर तीन दिवस माझ्या छपराखाली बिऱ्हाड थाटून बसली होती. मी चालू झालो तेव्हा ती जी पळाली, ती पुन्हा या गच्चीवर फिरकली नाही.

मी हवेतली धूळ मोजतो. काम तसे सोपे. माझ्या छपराखाली पांढराशुभ्र कागद बसवतात. मी सकाळी आठपासून चारपर्यंत आसपासची हवा जोरात ओढतो. हवा कागदातून पार होते, धूळ कागदावर अडकते. आधी कागदाचे वजन केलेले असते, नंतर पुन्हा करतात. जेवढे वाढले तेवढी धूळ. यात मला अक्कल लागत नाही, फक्त दम लागतो. तो माझ्याकडे भरपूर आहे. आवाजही भरपूर आहे, याबद्दल शेजाऱ्यांची मी आजही माफी मागतो.

मी ज्या कारखान्यात जन्मलो तिथे माझ्यासारखे चाळीस भाऊ एका रांगेत उभे होते. तिथून मी एका चौकात गेलो, मग एका शाळेवर, मग आणखी कुठे कुठे. कुणी माझ्यावर छत्री वाळत घातली, कुणी पतंग अडकवला. पण माझी खरी गोष्ट या दवाखान्याच्या गच्चीवरच घडली.

गल्लीच्या टोकाला दगडाची भुकटी करणारी गिरणी होती. तिची भुकटी लोकांच्या खिडकीत, अंथरुणात आणि चहात येऊन पडे. लोकांनी अर्ज केला. प्रदूषण खात्याचे साहेब म्हणाले, "चार महिने यंत्र लावू. यंत्र म्हणेल ते खरं." अशी माझी नेमणूक झाली. सगळी गल्ली माझ्याकडे मान वर करून बघत असे. मला फार मोठेपणा वाटला, खोटे कशाला बोलू!

दवाखान्याचे रखवालदार आबा आणि त्यांची बायको माई मागच्या दोन खोल्यांत राहत. माईला खोकला होता. खोकू लागली की बिचारी भिंत धरून उभी राही. डॉक्टरांनी सांगितले होते, "औषध मी देतो, पण ही धूळ थांबली नाही तर माझा इलाज चालायचा नाही." म्हणजे माईचा श्वास माझ्या आकड्यांवर अडला होता.

प्रयोगशाळेतून आठवड्यातून दोनदा एक बाई येत. काडीसारख्या बारीक होत्या, पण दिवसभर वजने करीत म्हणून सगळे त्यांना वजनबाई म्हणत. त्यांचा काटा इतका नाजूक की जवळ कुणी शिंकले तरी पुन्हा पहिल्यापासून. त्या सकाळी कागद बसवून मला चालू करीत, चार वाजता येऊन कागद काढून नेत. मधल्या वेळात राखण आबांकडे.

आता आबा-माईंच्या घराची एक रीत सांगतो. त्या घरात उघडे असे काही नव्हते. रेडिओला खोळ, पंख्याला खोळ, शिलाई मशीनला खोळ आणि त्या खोळीला धूळ लागू नये म्हणून वर आणखी एक जुना टॉवेल. टीव्हीचा रिमोट तर आणल्या दिवसापासून प्लॅस्टिकच्या पिशवीत होता. अशा घरातल्या माणसांच्या ताब्यात मी आलो.

पहिल्याच दिवशी माई गच्चीवर आली. तिने माझ्या छपरावरून बोट फिरवले, ते करडे झाले. तिचा जीव कळवळला.

"अहो, बघा तरी! किती धूळ खातोय बिचारा. माझ्यासारखा खोकायला लागेल."

"सरकारी आहे ते," आबा म्हणाले.

"सरकारी असलं म्हणून काय त्याला छाती नाही?"

दोन दिवसांत तिने जुन्या चादरीचे, दुहेरी कापडाचे, बंद लावलेले एक झबले शिवले आणि मला छपरापासून गुडघ्यापर्यंत घातले. निळी फुले होती त्यावर. वजनबाई पाठमोऱ्या झाल्या की आबा झबले चढवीत आणि त्या यायच्या आधी काढून घडी घालून ठेवीत. लपवाछपवी नव्हती हो! पाहुणे येताना खोळी काढायच्या, हीच त्या घराची पद्धत.

मित्रांनो, माझी काय अवस्था झाली म्हणून सांगू! मी जीव खाऊन हवा ओढायचो, पण कापडातून येणार किती? गिरणीची सगळी भुकटी निळ्या फुलांवर अडकायची आणि माझा कागद जसाच्या तसा पांढरा. माझा आवाज दबला, म्हणून शेजारी मात्र खूश झाले. आणि मला ओरडून सांगायला तोंड नाही. जे आहे ते फक्त आत ओढते.

चार महिने संपले. अहवाल आला, "हवा उत्तम." गिरणीमालकाने तो चौकटीत बसवून भिंतीवर लावला आणि स्वतः गच्चीवर येऊन माझी पाठ थोपटली. "यंत्र असावं तर असं!" म्हणाला. जन्मात पहिल्यांदा कुणी माझे तोंडभर कौतुक केले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

साहेब माईला म्हणाले, "हवा स्वच्छ आहे, आजी. वयाचा खोकला असेल."

"वयाला खोकला येतो होय?" माई म्हणाली आणि पुढचे बोलायच्या आत तिला उबळ आली. ती किती तरी वेळ थांबली नाही. आबांनी तिला खाली नेऊन निजवले. मग ते एकटेच वर आले आणि माझ्या छपरावर थाड्‌दिशी हात मारून म्हणाले, "खोटारडा मेला! आम्ही तुला जपलं, आणि तू असा उलटलास?" ती थाप लागली नाही, पण ते शब्द फार लागले.

सोमवारी मला इथून हलवायचे ठरले. त्यानंतर गिरणीची तक्रार कायमची मिटणार होती. मला न्यायला वजनबाई आल्या, तेव्हा गच्चीवर माई बादली घेऊन बसली होती. माझ्यावर रागावली होती, पण झबले मळके पाठवणे तिच्या स्वभावात नव्हते.

"थांबा हो जरा," ती म्हणाली. "याचं झबलं धुऊन देते. नव्या जागी तरी नीट घाला."

"कोणाचं झबलं?" बाईंनी विचारले.

माईने ते बादलीतून वर काढले. पाणी सिमेंट कालवल्यासारखे झाले होते. तळाशी चार बोटे गाळ होता. बाईंनी बादलीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि त्या मटकन खालीच बसल्या.

"हे चालू असताना घालत होता?"

"मग! बंद असताना कशाला घालायचं? तेव्हा कुठे तो धूळ खातो?"

बाई आधी हसल्या आणि मग त्यांचे डोळे भरून आले. चार महिन्यांच्या प्रत्येक आकड्याखाली त्यांची सही होती. त्यांनी तिथेच बसून साहेबांना फोन लावला.

"सगळे आकडे रद्द करा, साहेब. चूक माझी आहे. मधल्या वेळात मी एकदाही वर येऊन पाहिलं नाही."

साहेबांचा आवाज मलाही ऐकू आला. "बाई, हे कागदावर आणायलाच हवं का?"

"साहेब, मी शिंकेचासुद्धा फरक लिहून ठेवते. ही तर अख्खी बादली आहे."

माझे जाणे रद्द झाले. त्या आठवड्यात रोज मला उघड्या अंगाने चालवले. बाई दिवसभर शेजारी खुर्ची टाकून बसत. मीही मनातला चार महिन्यांचा राग काढला. इतका ओरडलो की शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. चार वाजता निघणारा कागद सिमेंटसारखा करडा असे. साहेबांनी तो पाहिला, गिरणीमालकानेही पाहिला. या वेळी माझी पाठ कुणी थोपटली नाही. गिरणी बंद झाली आणि हुकूम निघाला, वरून खालून पत्र्याने झाकून, पाणी मारून, मगच चालू करा.

दोन महिन्यांनी गिरणीभोवती भलेमोठे पत्र्याचे आवरण उभे राहिले. माई ते बघायला गच्चीवर आली. कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघत राहिली.

"अगं बाई," ती आबांना म्हणाली, "झबलं मी चुकीच्या बाळाला घातलं होतं!"

आणि ती पोट धरून हसली. आबा तिला सावरायला पुढे झाले, कारण तिचे हसणे नेहमी उबळीत संपायचे. या वेळी ते नुसते हसणेच राहिले. आबांनी माझ्या छपरावर अलगद हात ठेवला, आणि मला क्षमा मिळाली.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी यंत्रे शेवटी म्हणतात, आम्हाला पुसा, झाकून ठेवा. मी म्हणतो, मला खुशाल उघड्यावर ठेवा. धूळ खाणे ही माझी नोकरी आहे, ती तुमची नाही. झाकायचे ते धूळ उडवणाऱ्याला झाका.

परवा चार वाजता बाईंनी कागद काढला. माई शेजारून वाकून बघत होती. पाहता पाहता तिच्या कपाळावर आठी पडली.

"बाई," ती हळूच म्हणाली, "आज कागद बदलायला विसरलात वाटतं. हा तर कोराच आहे."