लंगडीच्या मानेवरची जखम

शिलाईवालीने परसात सात तलंगा, कोवळ्या कोंबड्या, पाळल्या होत्या. अंड्यावर यायला अजून दोन महिने होते, पण मारामाऱ्या आतापासूनच सुरू झाल्या. कबरी सगळ्यांवर धावून जायची आणि सगळ्यांचा राग निघायचा लंगडीवर. लंगडीच्या मानेमागची पिसं उपटून रक्त निघालं, तेव्हा शिलाईवालीने शेजारच्या कंपाउंडरकाकांना बोलावलं. त्यांचा जन्म जनावरांच्या दवाखान्यात गेला होता.

"मार खाणारीला मलम लाव, पण हलवू नकोस," काका म्हणाले. "मारणारीला बाजूला काढ. आठ दिवसांनी सोडलीस की तोरा उतरलेला असेल."

तिने कबरीला पडवीत टोपलीखाली झाकलं. दुसऱ्या दिवशी तांबडीने लंगडीला धरलं. तांबडीला काढलं, तर काळी पुढे आली. एरवी कलकलाट करणाऱ्या पोरी आता गुपचूप रांगेत उभ्या राहायच्या आणि पाळीपाळीने चोच मारायच्या. लंगडीही ओरडायची नाही. मान खाली घालून खुराड्याच्या मागच्या कोपऱ्याकडे बघत राहायची.

आठवड्याभरात सहाही जणी टोपल्यांखाली गेल्या. लंगडी एकटी उरली. त्या दुपारी शिलाईवाली मशीनवरून उठून दाणे टाकायला गेली, तर लंगडीची जखम पुन्हा ओली होती. तिने काकांना हाक मारली.

काकांनी जाळी बोटांनी चाचपली. कुठे भोक नव्हतं, कडीही लागलेली होती. त्यांनी जखम निरखली.

"चोचीचीच आहे."

"स्वतःची चोच मानेमागे पोचते का हो, काका?"

"नाही पोचत."

दोघं तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने लंगडी कोपऱ्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिने मान वाकवली. मानेवरचं एक पीस ताठ झालं, ताणलं गेलं आणि उपटून खाली पडलं. वारा नव्हता. काकांनी कडी काढली, लंगडीला उचललं आणि सदऱ्याखाली छातीशी धरलं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी खुराडं मोडलं. खाली नुसती माती होती. नवं खुराडं घराच्या पुढच्या भिंतीला लागून बांधलं, ऐसपैस, दाण्याची भांडी दोन ठेवून. सातही जणी परत एकत्र आल्या. आधी कोण खाणार यावरून थोडी टोचाटोची झाली, मग जिची तिची जागा ठरली. लंगडीच्या मानेवर पिसं आली, फक्त आता पांढरी.

परसातली जुन्या खुराड्याची जागा रिकामीच आहे. तिथे काही लावू नकोस असं काका म्हणाले नाहीत, आणि तिनेही लावलं नाही.