अ‍ॅक्चुअलीचा मंजूर अर्थ

आखातातल्या फुजैराच्या तेलटाक्यांच्या कामावर नागेश सावंत स्टोअरकीपर होता आणि स्टोअरकीपरच राहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं. पण एकदा त्यानं हायड्रॉलिक जॅकचं माहितीपत्रक न अडखळता मोठ्यानं वाचून दाखवलं. कंपनीचे चिनी मॅनेजर मिस्टर लुओ ते ऐकून इतके खूश झाले, की त्यांनी त्याला तिथल्या तिथे इंग्रजीचा मास्तर करून टाकलं. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते तीन उन्हात काम करायला सरकारी बंदी असते. त्या वेळात बारा चिनी इंजिनियर पोर्टा केबिनच्या एसीत वह्या उघडून बसायचे आणि नागेश त्यांना आठवड्याला एक शब्द शिकवायचा.

ही हमाली त्यानं पत्करली ती रजेसाठी. त्याची मुलगी अस्मी वर्षाची झाली होती आणि त्यानं तिला अजून एकदाही उचललं नव्हतं. बाळंतपणाच्या वेळी तीन नंबरच्या टाकीचं टेस्टिंग आडवं आलं, बारशाच्या वेळी पाच नंबरच्या टाकीचं. आता वीस ऑगस्टची रजा मागितली होती आणि अर्ज लुओंच्या टेबलावर होता. मास्तरकी केली तर माणूस नाही म्हणणार नाही, असा त्याचा साधा हिशेब.

जुलैमध्ये लुओ स्वतःच एक शब्द घेऊन वर्गात आले. अ‍ॅक्चुअली.

"साइटवर सगळे हाच बोलतात," ते म्हणाले आणि त्यांनी वही उघडली. दोन आठवड्यांत ऐकलेली त्रेसष्ट वाक्यं तारीखवार लिहिली होती. अ‍ॅक्चुअली सर, क्रेन आली नाही. अ‍ॅक्चुअली सर, आली होती, पण परत गेली. अ‍ॅक्चुअली सर, काल आपण जे बोललो ना, ते आज नाही. "माझी चिनी डिक्शनरी सांगते, या शब्दानंतर सत्य येतं. मग माझी क्रेन कुठे आहे?"

इथे नागेशनं तोंड मिटून बसायला हवं होतं. पण एव्हाना मास्तरकी अंगात भिनली होती.

"सर, आमच्याकडे वाईट बातमी एकदम सांगत नाहीत. समोरच्याला आधी बसायला खुर्ची देतात. हा शब्द म्हणजे ती खुर्ची. तो ऐकला की समजायचं, काम झालेलं नाही."

बारा पेनं एकदम चालू लागली. लुओंचा चेहरा उजळला.

आता त्या कंपनीत नटबोल्टपासून पाण्याच्या कूलरपर्यंत प्रत्येक गोष्टीला मंजुरीचा कागद लागायचा. तसा तो या शब्दालाही निघाला. अर्थ, वापर, धोका, उपाय असे चार रकाने. उपाय असा, की शब्द कानावर पडताच भोंगा वाजवावा, सर्वांनी उघड्यावरच्या असेंब्ली पॉइंटवर जमावं आणि ज्याच्याशी बोलणं चाललं होतं त्यानं बोलणाऱ्याची चौकशी करावी. चौकशीच्या फॉर्मवरचे तीन प्रश्न भरून झाल्याशिवाय भोंगा बंद करू नये. खाली 'अप्रूव्ह्ड'चा निळा शिक्का. नागेशला हसू आवरेना, पण भाषातज्ज्ञ म्हणून त्यानं हसत हसतच सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्रेन ऑपरेटर लियाकत लुओंना गेटवर भेटला. "अ‍ॅक्चुअली सर, गुड मॉर्निंग," तो म्हणाला.

भोंगा वाजला. तीनशे चाळीस माणसं पाऊण तास रांगेत उभी राहिली आणि सकाळचं नेमकं काय बिघडलंय याचा शोध घेतला गेला. शेवटी अहवाल निघाला: सकाळ तपासली, दोष आढळला नाही.

"नागेशभाई, ये क्या पढ़ा दिया तूने? हमारी तो जबान कट गई," लियाकत तणतणत स्टोअरमध्ये आला. त्याचं खरंच होतं. तो शब्द गेल्यावर कुणाचं वाक्यच सुरू होईना. फोरमन तोंड उघडायचे आणि मिटायचे. दोन दिवस साइटवर नुसत्या माना हलत होत्या. नागेशशी कुणी बोलेना, मेसमध्ये त्याच्या टेबलावर कुणी बसेना.

तिसऱ्या दिवशी लियाकतच्या तोंडून वाक्य उघडंबोडकं बाहेर पडलं. "सर, पंप खराब है. मैंने खराब किया." बोलून तोच घाबरला. पण लुओ रागावलेच नाहीत. त्यांनी सुटा भाग मागवला आणि संध्याकाळी पंप चालू झाला. मग काय, सगळेच तसं बोलू लागले. क्रेन नाही. माल चुकीचा आला. वेल्डर झोपलाय. ऑगस्ट उजाडला तेव्हा काम अकरा दिवस पुढे गेलं होतं, आणि हे पाहून हेड ऑफिसनं वर्ग डिसेंबरपर्यंत वाढवला. मास्तरांना जागेवरून हलवू नये, असंही खास कळवलं.

नागेशला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यानं बॅग भरायला घेतली होती.

बारा तारखेला वर्ग ऐन रंगात असताना लुओ रजेचा अर्ज हातात घेऊन आले. अर्जाकडे बघितलं, बुटांकडे बघितलं. कागद मंजूर झाल्यापासून त्यांनी स्वतः तो शब्द एकदाही उच्चारला नव्हता.

"अ‍ॅक्चुअली, नागेश..."

बारा खुर्च्या मागे सरकल्या. इंजिनियरांनी हेल्मेटं चढवली, वह्या काखेत मारल्या आणि शेचाळीस डिग्रीत रांगेनं निघून गेले. कायद्यानं उन्हात काम करायला बंदी होती, उभं राहायला नव्हती. भोंगा सुरू झाला.

केबिनमध्ये दोघंच उरले. नियमाप्रमाणे चौकशी नागेशनं करायची होती. त्यानं भिंतीवरचा फॉर्म काढला.

"एक. वाईट बातमी काय आहे?"

"तुझी रजा रद्द."

"दोन. कोणामुळे?"

लुओंनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुझ्यामुळे. तू फार चांगलं शिकवलंस."

नागेशनं तेही लिहून घेतलं आणि मग त्याचं डोकंच फिरलं. आठ वर्षं तो या देशात 'इफ पॉसिबल सर' आणि 'काइंडली सर' करत आला होता.

"माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. मी तिला एकदाही उचललेलं नाही. वीस तारखेला मी जाणार." मग त्यानं फॉर्मवर बोट ठेवलं. "तीन. दुरुस्ती कधी होणार? इथे तारीख लागते, सर."

बाहेर भोंगा कोकलत होता. खिडकीबाहेर बारा इंजिनियर घामानं निथळत होते, आणि झोपमोड झालेले तीनशे कामगार पाच भाषांत शिव्या घालत होते. रिकामा रकाना ठेवणं लुओंच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी पेन मागितलं आणि २० ऑगस्ट असं लिहिलं. तारीख पडली म्हटल्यावर अर्जावर सही न करणं फॉर्मच्या विरुद्ध गेलं असतं, म्हणून तीही केली.

भोंगा थांबल्यावर नागेशनं बायकोला, आशाला फोन लावला. मागे अस्मी पातेल्यावर चमचा बडवत होती.

"मी वीस तारखेला येतोय."

पलीकडे चमच्याचा आवाज थांबला.

"बोला ना," आशा म्हणाली.

"बोललो की."

"पुढचं बोला. मागे दोन्ही वेळा तारीख सांगून झाली, की तुमचं 'अ‍ॅक्चुअली' यायचं. ऐकते मी, सांगून टाका एकदाचं."

"पुढे काही नाही गं. येतोय, एवढंच."

आशाला रडू आवरत नव्हतं.

"मग पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं.